नजीरचाचा आणि शेवटची वीस मिनिटं

चित्रपट संपायला वीस मिनिटं उरली की नजीरचाचा उठायचे. थिएटरात असोत, घरी असोत, नाहीतर गोदामाच्या कॅन्टीनमध्ये माझ्या मोबाइलवर डोकं खुपसून बसलेले असोत. अवकाशयानांच्या तोफा सुटायला लागल्या, की चाचा चष्मा काढून खिशात ठेवायचे, "चल, बँडवाले आले," म्हणायचे आणि चालू पडायचे. पहिल्यांदा मला वाटलं, म्हाताऱ्याला लघवीला लागली असेल. दहा मिनिटं मी चित्रपट थांबवून वाट पाहिली. चाचा बाहेर ट्रकच्या सावलीत निवांत चहा पीत बसले होते.

चित्रपट त्यांना एकाच जातीचे लागत. यंत्रमानवांचे, परग्रहांचे, दोनशे वर्षांनंतरच्या दुनियेचे. त्यांना ते 'उद्याची पिक्चर' म्हणत. प्रेमाच्या गोष्टी त्यांना चालत नसत ("ते घरात बघून झालंय") आणि भुताच्याही नाही ("भूत कुणाचं काय बिघडवतंय?"). पण उद्याच्या पिक्चरचा पहिला तास ते असे बघत, की कुणी खोकलं तरी वळून पाहत.

माझी त्यांची गाठ पडली ती भिवंडीजवळ, दापोड्याच्या एका मोठ्या गोदामात. मी तिथल्याच टेमघरची. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि आलेल्या मालाची नोंद करायला लागले होते. वर्षभरानं मला कंट्रोल रूममध्ये बसवलं, कारण तिथल्या माणसाचं आणि कॉम्प्युटरचं जमत नव्हतं. तो माणूस म्हणजे चाचा. छोटी, थंड, बिनखिडकीची खोली. भिंतीवर चार स्क्रीन, प्रत्येकावर सहा चौकोन, चोवीस कॅमेरे. आवाज कशालाच नाही. राखाडी रंगाच्या त्या मुक्या चौकोनांत माणसं यायची, खोकी उचलायची, निघून जायची. मला पहिले आठ दिवस तिथे एकटीनं बसायची भीती वाटायची, आणि कशाची ते सांगता येत नव्हतं.

पहिल्याच दिवशी चाचांनी विचारलं, "सांग पोरी, कुठल्या खिडकीत काय चाललंय?"

मी म्हटलं, "तीन नंबरला ट्रक खाली होतोय. अकराला दोघं भांडतायत."

"ते काय, सगळ्यांनाच दिसतं. काही चाललेलं न्हाय, अशी खिडकी कुठली?"

मी पाच-सहा दाखवल्या. चाचा म्हणाले, "बस. आपली ड्युटी त्यांच्यावर. वाईट गोष्ट आवाज करत येत न्हाय. आवाज होतो तेव्हा ती येऊन गेलेली असते."

मला हसू आलं होतं. चोवीस तास रिकाम्या भिंती बघायचा पगार मिळत असेल तर माणूस असंच काहीतरी बोलणार, असं मी मनात म्हटलं.

चाचा भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. तरुणपणी त्यांनी लूमच्या कारखान्यांमागे एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ सेंटर चालवलं होतं. खाली चटया, समोर एक टीव्ही, आणि शिफ्ट सुटलेले किंवा लागायची वाट बघणारे तीस-चाळीस कामगार, केसांत कापसाची पांढरी धूळ घेऊन बसलेले. कानात लूमचा खडखडाट घुमत असायचा, म्हणून आवाज पूर्ण मोठा ठेवावा लागे. तिथेच एकदा त्यांच्या हाती एक हिंदीत डब केलेली कॅसेट आली. चाचा ती गोष्ट मला दर महिन्याला एकदा तरी सांगायचे, आणि मीही दर महिन्याला ऐकून घ्यायचे.

गोष्ट अशी. एका गावाला पत्रं येऊ लागतात. दोनशे वर्षांनंतरच्या माणसांनी लिहिलेली. त्यांत फक्त एकच मागणं असतं: तुमच्या विहिरीचं पाणी काढणं थांबवा, आमच्यासाठी काही उरलेलं नाही. गाव दीड तास वाद घालतं. थांबवलं तर आपली पोरं तहानेनं मरतील, नाही थांबवलं तर ज्यांना कधी बघणार नाही अशी पोरं मरतील. मग शेवटी हेलिकॉप्टर येतं, एक खलनायक निघतो, मशीनगन, आग, आणि खलनायक त्याच विहिरीत पडून मरतो. गाव टाळ्या वाजवतं.

"आणि पत्राचं उत्तर?" चाचा टेबलावर बोट आपटायचे. "उत्तर कुणी दिलं? कुणीच न्हाय! दीड तास माझं काळीज हातात धरलं, आणि शेवटाला बोलतात, जा, गुंड मेला, घरी जा."

दुसऱ्या खेळाला चाचांनी हेलिकॉप्टर येण्याआधीच टीव्ही बंद केला आणि उभं राहून विचारलं, "बोलो भाई, जवाब क्या देना है?" एक चप्पल आली. मग दुसरी. मग मागून एक म्हातारा कामगार म्हणाला, आमच्या गावात पण एकच विहीर हाय. त्यावर दुसरा काहीतरी बोलला. भांडण असं पेटलं की कारखान्याचा भोंगा झाला तरी कुणी उठेना, आणि सगळी शिफ्ट अर्धा तास उशिरा लागली. लूममालकानं दुसऱ्या दिवशी येऊन चाचांना झापलं. सांगताना चाचांचा चेहरा अजून फुलायचा.

मी त्यांच्याशी भांडायचे. मला धावपळ आवडते, आजही आवडते. मी म्हणायचे, "चाचा, मारामारी नसेल तर बघायला येणार कोण? तुमच्या त्या विहिरीसाठी तिकीट कोण काढणार?"

"लग्नाला बोलवायला बँड लागतो, कबूल," चाचा म्हणायचे. "पण निकाह बँडवाल्यानं वाचायचा का?"

एकदा मी त्यांना बळजबरीनं एका चित्रपटाचा शेवट दाखवला. यान फिरतंय, अंतराळवीर एका हातानं लोंबकळतोय, असला सगळा प्रकार. चाचांनी टेबलाची कड घट्ट धरली होती, ते मी पाहिलं. "मग? कसं वाटलं?" मी विचारलं.

"जबरदस्त! जिंकलीस तू. पण उद्यापर्यंत थांब. उद्या मला काय आठवतं ते बघू."

दुसऱ्या दिवशी आल्याआल्या मी विचारलं. चाचा खूप वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "चहा गार झाला होता."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर ठीक होतं. मग कॅमेऱ्यांना नवीन सिस्टिम बसली. ती माणसासारखी बघत नसे. एखाद्या चौकोनात हालचाल झाली की तो उजळे आणि टुंग वाजे. हालचाल नसली की तो काळवंडून जाई. मॅनेजर साहेब खूश होते. आता एक माणूस पुरे, म्हणाले, तोही अर्ध्या लक्षानं बसला तरी चालेल. चाचा त्या अंधारलेल्या चौकोनांकडे बघत राहिले. "हिला पण मारामारीच आवडते," ते म्हणाले. मग त्यांनी चौदा नंबरचा कॅमेरा सिस्टिमच्या बाहेर काढून कायम चालू ठेवायला मला सांगितलं. का, ते विचारलं तर म्हणाले, सांगतो.

चौदा नंबर म्हणजे लाईन नऊ. पाच मजली लोखंडी रॅक, वरपर्यंत मिक्सर, कुकर आणि गॅसच्या शेगड्या. तिथल्या एका खांबाला कधीतरी फोर्कलिफ्टचा धक्का बसून बुडाशी पोचा आला होता. चाचांनी काय केलं, तर स्क्रीनच्या काचेवर मार्करनं खांबाच्या कडेला चिकटून एक रेघ ओढली. मी ओरडले, साहेब मारतील म्हणून. आठ दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. खांब आणि रेघ यांच्यात उजेडाची फट पडली होती. कॅमेरा हलला असेल, मी म्हटलं. चाचांनी काचेवरच, शेजारच्या भिंतीच्या कडेला मारलेली दुसरी रेघ दाखवली. भिंत तिला अजून चिकटूनच होती.

आणखी दोन आठवडे गेले. फट वाढत राहिली. डोळ्यांदेखत काहीच होत नव्हतं. तासभर टक लावून बघितलं तरी खांब स्थिर. घरी जाऊन सकाळी यावं तर फट केसभर जास्त. माझी झोप उडाली. जेवताना मला तो चौकोन दिसायचा, आणि त्याच्याखालून पोरी हसत-बोलत खोकी नेताना दिसायच्या.

चाचांनी एकवीस दिवसांचे एकवीस फोटो काढून घेतले आणि आम्ही साहेबांकडे गेलो. दिवाळीचा सेल तोंडावर होता. चौथ्या फोटोला साहेबांनी स्वतःचा मोबाइल हातात घेतला.

"चाचा, इसमें हो क्या रहा है?"

"साहेब, खांब झुकतोय. लाईन खाली करायला पायजे."

"मुझे तो सीधा दिख रहा है. ये सेल निकलने दो, फिर देखते हैं."

बाहेर आल्यावर मी चाचांवर चिडले. "असलं कोण बघणार? एकवीस फोटो, सगळे सारखे! लोकांना दाखवायचं तर दाखवायच्या पद्धतीनं दाखवावं लागतं. माझ्याकडे द्या. मी बनवते."

इथे मला सावकाश सांगायला हवं, कारण माझी चूक इथे आहे, आणि मी ती अतिशय हौसेनं केली. घरी बसून मी चाळीस सेकंदांचा व्हिडिओ बनवला. ढोल, सायरन, लाल बाण, खांबावर झूम. मग फुकट मिळणारे इफेक्ट वापरून अख्खी लाईन कोसळताना दाखवली, आणि खाली स्फोट. आवाज चाचांचा. मी त्यांना माइकवर बोलायला लावलं होतं, "लाईन नऊ खाली करा! लाईन नऊ खाली करा!" तीनदा घेतलं. चाचा तिन्ही वेळा मनापासून बोलले. मी त्यात घुमारा घातला.

तयार झाल्यावर चाचांनी तो दोनदा पाहिला. "हा स्फोट कशाचा? कुकरचा?"

मी हसले.

"चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण यात खांब कुठे हाय?"

खांब दीड सेकंद होता. मी म्हटलं, चाचा, परिणाम बघा, परिणाम.

परिणाम झाला. साहेबांना व्हिडिओ इतका आवडला, की त्यांनी तो वरच्या ऑफिसात पाठवला आणि तिथून हसणारे चेहरे आले. "चाचा, आप तो हिरो बन गए!" संध्याकाळपर्यंत तो सगळ्या गोदामाच्या मोबाइलवर होता. दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये कुणी बाकावरून उठेना झालं, की मागून आवाज यायचा, "लाईन नऊ खाली करा!" आणि हशा पिकायचा. पोरंपोरी सुट्टीत लाईन नऊमध्ये जाऊन रील काढू लागल्या. एकानं खांबाला धरून मरण्याचं नाटक केलं, ते मी चौदा नंबरवर पाहिलं. त्या लाईनमध्ये आधी कामाशिवाय कुणी थांबत नसे. आता तिथे गर्दी होऊ लागली, आणि ती मी जमवली होती.

चाचा मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, लाईनच्या तोंडाशी पिवळी पट्टी बांधली. माल निघेना म्हणून पट्टी दुसऱ्या दिवशी कुणीतरी काढली. चाचांनी पुन्हा बांधली. पुन्हा निघाली. काचेवरची फट आता दोन बोटं झाली होती. एकदा चहा पिताना ते म्हणाले, "पोरी, त्या विहिरीच्या पिक्चरमधे एक पोरगा होता बघ. तो सगळ्यांना पत्रं वाचून दाखवायचा. शेवटाला त्याचं काय झालं, ते मला कधीच कळलं न्हाय. हेलिकॉप्टर आल्यावर त्याला दाखवलंच न्हाय!" आणि ते हसले.

त्या दिवशी दुपारी, शिफ्ट बदलायच्या वेळी, चौदा नंबरवर धूळ दिसली. वरच्या मजल्यावरून बारीक, पांढरी धूळ झिरपत होती. खाली चार पिकर, म्हणजे रॅकमधून माल काढणाऱ्या मुली होत्या. वरून कटकट आवाज येत असावा, कारण त्या माना वर करून बघत होत्या. दोघींनी मोबाइल काढले.

चाचांनी गोदामातल्या स्पीकरचा माइक ओढला. "लाईन नऊ खाली करा! लाईन नऊ खाली करा!"

मुलींनी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवले. एक तर पोट धरून हसत होती. दुसरीनं त्याच शब्दांवर ओठ हलवून अभिनय केला.

"मस्करी न्हाय! पोरींनो, मस्करी न्हाय!" चाचांचा आवाज फाटला. मुली आणखी हसल्या.

चाचांनी माइक खाली ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सगळ्या फोर्कलिफ्ट थांबव. ॲम्ब्युलन्सला फोन लाव. इथून हलू नको." आणि ते दार उघडून गेले.

मी सांगितलेलं केलं. फोन कानाला लावून मी चौदा नंबरकडे बघत होते. चाचा चौकोनात आले. मुलींपर्यंत पोचले. त्यांनी एकीच्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि काहीतरी बोलले, आणि त्यांच्या चेहऱ्यात असं काय होतं कोण जाणे, मुलींचं हसणं थांबलं. त्या पळाल्या. चौघी बाहेर आल्या. चाचा त्यांच्या मागे होते. मग चौकोन पांढरा झाला. आवाज त्यानंतर आला, भिंतींतून, खुर्चीतून.

चौकशी झाली. जबाब झाले. साहेबांची बदली झाली. माझ्या जबाबात मी व्हिडिओबद्दल सांगितलं, तर लिहून घेणारे म्हणाले, त्याचा इथे संबंध नाही.

चाचा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दुव्यासाठी जमलेल्या बायका उठून गेल्यावर चाचींनी मला आत बोलावलं. त्यांच्या भाच्यानं त्यांना एक क्लिप पाठवली होती. मी ती पाहिली होती. सगळ्या भिवंडीनं पाहिली होती. कंट्रोल रूमच्या स्क्रीनवरून कुणीतरी मोबाइलनं शूट केलेली, मग वेग वाढवलेली, वर ढोलाचं संगीत. चाचा बाणासारखे धावत येतात, मुलींना ढकलतात, धडाड. सहा सेकंद. खाली लिहिलेलं: हिरो चाचा.

"हे माझे न्हाय," चाची म्हणाल्या. "ते कधी पळाले? मशिदीत जाताना वाटेत दोनदा बसायचे. डॉक्टरनं गुडघे बदलायला सांगितलेत दोन वर्षं झाली. पळता येत न्हवतं त्यांना, बेटा. तुझ्याकडे खरं हाय का?"

माझ्याकडे होतं. मूळ रेकॉर्डिंग मी मोबाइलमध्ये ठेवलं होतं आणि एकदाही उघडलं नव्हतं. मी ते लावलं.

चाचा चौकोनात येतात. चालत. एक पाय ओढत, शेजारच्या लाईनचा आधार घेत. धूळ पडते आहे. ते अर्ध्या वाटेत मान वर करून बघतात. मग पुन्हा चालू लागतात. लाईनच्या तोंडापासून मुलींपर्यंत एकोणीस सेकंद लागले. एकोणीस सेकंद इतके लांब असतात, हे मला माहीत नव्हतं.

"थांबव," चाची म्हणाल्या. मी थांबवलं.

"वर बघितलं त्यांनी."

"हो."

"म्हणजे दिसलं त्यांना."

"हो, चाची."

"आणि परत यायला आपल्याला जमणार न्हाय, हे पण माहीत होतं."

मला रडू फुटलं. मी म्हटलं, "चाची, तो पहिला व्हिडिओ मी केला होता. त्यामुळे त्या पोरींना खरं वाटलं नाही."

"माहीत हाय. घरी आणून दाखवला होता मला." त्यांनी ओढणीनं माझं तोंड पुसलं. "म्हणाले, पोरीनं मेहनत केलीय. मी विचारलं, मग तुम्ही नको का म्हणाला न्हाय? तर म्हणाले, मला वाटलं, कदाचित तिचंच बरोबर असेल."

बाहेर पोरं भांडी उचलत होती.

"परत लाव," चाची म्हणाल्या. "सुरुवातीपासून. ते चालतात तिथपर्यंतच."

मी लावलं.